धुळ्याहून गडावर पायी: पहिल्या दिवसाचं गणित

विचारलेलं थोडक्यात असं आहे. वय ४१, पुण्यात खुर्चीवर बसून करायची नोकरी, मूळ गाव धुळे तालुक्यातलं, आईने नवस बोललाय आणि येत्या चैत्रात गावच्या मंडळासोबत धुळ्याहून सप्तशृंगी गडावर पायी जायचंय. मंडळ चार दिवसांत पोचतं. तर एका दिवसात नेमकं काय काय होतं, किती चालणं जमेल, सोबत काय घ्यायचं, आणि मधे कुठे गाडीत बसलो तर नवस मोडतो का.

शेवटच्या प्रश्नाचं शेवटी बोलू. माझं सांगायचं तर आपलं छोटं औषधांचं दुकान आहे, गडावर एकवीस वेळा चालत गेलोय, त्यातली शेवटची आठ वर्षं मंडळाची औषधाची पेटी माझ्याकडेच असते. म्हणजे स्वतः चालायचं आणि मुक्कामाला लोकांचे पाय मांडीवर घेऊन बसायचं. इतके पाय बघितलेत की आता माणूस लंगडत येताना लांबूनच कळतं, फोड कुठे आहे आणि बूट कधी घेतलेत.

सगळ्यात आधी, मंडळाला चार दिवस लागतात म्हणून तुम्ही चार धरू नका, पाच धरा. एक दिवस आधी निघा, दोघं-तिघं सोबतीला घ्या, मंडळ तुम्हाला तिसऱ्या दिवशी गाठेलच. कारण सांगतो. नवा माणूस गडाच्या चढाला घाबरतो, गडाच्या पायथ्याच्या नांदुरीच्या घाटाचे व्हिडिओ बघत बसतो. पण गेल्या आठ वर्षांत ज्यांना ज्यांना मी टेम्पोत बसवलं त्यातले बहुतेक पहिल्या दिवशीच बिघडलेले होते, फक्त ते दुसऱ्या दिवशी दुपारी उघडकीला आलं. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या अंगात आलेलं असतं हो. झेंडे नवे, कपडे नवे, ट्रॅक्टरवर डीजे, गावातून निघताना बायका ओवाळतात, पोरं नाचत नाचत अवधानपर्यंत जातात आणि नाचलेले किलोमीटर कुणी मोजत नाही. तर पहिला दिवस मुद्दाम लहान ठेवायचा. धुळ्याहून मालेगाव पन्नासेक किलोमीटर आहे, बरेच उत्साही लोक ते एका दमात मारायचं म्हणतात, ते करू नका. झोडग्याला थांबा. तीसच्या आतबाहेर होतात, तेवढे पहिल्या दिवसाला भरपूर झाले.

आता तो दिवस कसा असतो ते सांगतो, त्यातच बाकीची उत्तरं येतील.

चैत्रातला चालायचा दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होत नाही, तो पहाटे अडीचला सुरू होतो आणि साडेनऊला संपतो, मग संध्याकाळी पाचला परत सुरू होऊन साडेआठला संपतो. मधला सगळा वेळ पडून राहायचा. हे नीट समजून घ्या कारण पुण्याचा माणूस म्हणतो सकाळी सहाला निघू, अकराला थांबू. धुळ्यात एप्रिलमध्ये अकराला रस्त्यावर फक्त आपण आणि कुत्री असतात, आणि कुत्री पण सावलीत. पंचांग पण बघून ठेवा, कारण गडावरची यात्रा चैत्र पौर्णिमेची आणि ती दरवर्षी मागेपुढे सरकते, २०२४ ला ती २३ एप्रिलला होती आणि २०२५ ला १२ एप्रिलला. अकरा दिवसांचा फरक वाटतो छोटा पण खान्देशात बेचाळीसचं ऊन आणि अडतीसचं ऊन यात चालणाऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ज्या वर्षी पौर्णिमा एप्रिलच्या शेवटाकडे असेल त्या वर्षी रोजचे चार-पाच किलोमीटर कमीच धरा.

तर अडीचला उठायचं. अंघोळ थंड पाण्याची चालते पण नंतर पाय, विशेषतः बोटांच्या मधली जागा, खडखडीत कोरडी करायची आणि दहा मिनिटं उघडी ठेवायची. ओल्या पायात सॉक्स घातला की फोडाला निमंत्रणपत्रिका पाठवली असं समजा. मग जिथे आपल्याला नेहमी घासतं, टाचेच्या मागे, करंगळीला, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला, तिथे निघायच्या आधीच कागदी चिकटपट्टी लावायची, आम्ही मेडिकलवाले तिला मायक्रोपोर म्हणतो. एकच थर, सुरकुती न पडू देता. लोक फोड आल्यावर पट्टी मागायला येतात, अरे बाबा ती आधी लावायची गोष्ट आहे. मांड्यांच्या आत व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल, आणि जाड माणसाने तर सायकलवाले घालतात तशी घट्ट चड्डी आत घालायचीच. मांड्या काचल्या की माणूस पाय फाकवून चालतो, मग गुडघा जातो, मग कंबर. सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. पोटात दोन केळी किंवा रात्रीची भाकरी दूध-गुळासोबत. चहा घ्या, पण नुसत्या चहावर निघू नका.

धुळ्यातून निघून अवधानची एमआयडीसी ओलांडली की रस्ता मोकळा होतो. दशमी-एकादशीला निघालात तर त्या वेळी चंद्र मावळायला टेकलेला असतो, म्हणजे पहिल्या दिवशी पहाट अंधारी असते, आणि जसजसे दिवस जातात तसा चंद्र जास्त जास्त वेळ सोबत राहतो आणि गडाजवळ पोचेपर्यंत उजाडेस्तोवर डोक्यावर चांदणं. हे मला तिसऱ्या-चौथ्या वर्षी लक्षात आलं आणि तेव्हापासून मला वाटतं की ही तिथी कुणीतरी चालणाऱ्याच माणसाने ठरवली असणार. पण पहिल्या पहाटेला बॅटरी लागते. डोक्याला बांधायची घ्या, हात मोकळे राहतात. आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट दीडशे-दोनशेला मिळतं, ते घालाच. हा मुंबई-आग्रा महामार्ग आहे, रात्री ट्रेलर आणि लक्झरी कसे येतात ते तुम्ही पाहिलंय. समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, डांबराच्या बाहेर, एकामागे एक. मोबाईलवर गाणी लावून कानात बोंडं घालून चालायचं नाही. डीजेच्या अगदी मागे तर अजिबातच नाही, हॉर्न ऐकू येत नाही आणि सगळे नाचत नाचत मधल्या पट्ट्यात शिरतात. गटाच्या मागे टेम्पो असेल तर त्याचे मागचे लाइट चालू आहेत ना हे निघायच्या आधी मी स्वतः बघतो, ड्रायव्हरच्या शब्दावर नाही. मला कुणी संशयी म्हणो नाहीतर भित्रा म्हणो.

दहाएक किलोमीटरवर लळिंग. उजाडायच्या आत लळिंगचा घाट चढून व्हायला पाहिजे. वर किल्ला काळा काळा दिसतो, आणि बाजूला कुरण, जिथे तो लांडोर बंगला आहे, ज्यात १९३७ ला बाबासाहेब थांबले होते आणि दर ३१ जुलैला लोक जमतात. घाट फार मोठा नाही पण पहिल्या दिवशी अंगातली मस्ती इथे कळते. चढावर पावलं लहान करायची, वेग कमी झाला तर होऊ द्यायचा, तोंडाने बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे, आरती म्हणता येत नसेल तर जास्त आहे. आमच्या मंडळात एक काका घाटात मुद्दाम देवीची आरती म्हणायला लावायचे, मला वाटायचं भक्ती आहे, नंतर कळलं की ते पोरांचा दम मोजायचे.

वेगाचं सांगतो. सपाटीला तासाला पाच किलोमीटर हा जवान माणसाचा वेग, थांबे धरून चार-सव्वाचारच पडतात. तुम्ही चारच धरा. दर तासाला आठ-दहा मिनिटं बसायचं, बूट काढायचे, सॉक्स उलटे करून वाऱ्याला धरायचे, पाय वर करायचे. लोकांना वाटतं बूट काढले की पाय सुजतात आणि परत जात नाहीत. सुजणारच, उन्हाळ्यात तासन्तास चालल्यावर पाय थोडा फुगतोच, म्हणून तर बूट अर्धा ते एक नंबर मोठा घ्यायचा, आणि तो घेताना संध्याकाळी दुकानात जायचं, सकाळी नाही. नवा बूट घालून यायचं नाही. ह्यावर माझं कुणाशीही भांडण होऊ शकतं. मी पहिल्या वर्षी कोरे स्पोर्ट शूज घेऊन निघालो होतो, भारीतले, आणि आर्वीच्या पुढे दोन्ही टाचा गेल्या. बूट कमीत कमी शंभर किलोमीटर वापरलेला पाहिजे. काही लोक अनवाणी चालतात, तो त्यांचा नेम आहे, गावाकडच्या माणसाचा तळवा तसा तयार असतो, तुमचा नाही. आणि दुपारचं डांबर साठच्या घरात तापतं, त्यावर तळवा अक्षरशः भाजतो, नेम असला तरी.

सहाच्या सुमाराला उजाडतं. हे दोन-तीन तास दिवसातले सगळ्यात गोड. लिंबाच्या मोहराचा वास असतो हवेत, कपाशीची काळी रानं नांगरून पडलेली, कुठे कुठे उन्हाळी कांदा काढणं चालू. रस्त्याच्या कडेला आर्वी, पुरमेपाडा अशी गावं लागतात आणि लोक टेबलं टाकून उभे असतात. चहा, पोहे, ताक, कलिंगड, सरबत, कुणी तेल लावून पाय चोळून देतं. म्हातारी माणसं हात जोडून विचारतात, ''कोठे चालनात भाऊ?'', सगळ्यांना माहीत असतं कुठे चाललोय पण विचारायची पद्धत आहे, आपण म्हणायचं ''गडवर'', की लगेच ''पानी पी ल्या, ऊन लागी जाई''. सप्तशृंगी म्हणजे खान्देशाची माहेरवाशीण, त्यामुळे तिच्याकडे निघालेल्या माणसाला रिकाम्या पोटी जाऊ देत नाहीत. आणि इथेच गडबड होते. प्रत्येक मंडपात नाही म्हणायचं जिवावर येतं आणि नऊ वाजेपर्यंत माणसाच्या पोटात दोन प्लेट पोहे, खिचडी, बुंदी, तीन ग्लास सरबत आणि एक वडापाव असतो. मग पोट बिघडतं आणि त्या रस्त्यावर पोट बिघडण्यासारखी वाईट गोष्ट नाही. हातावर थोडंसं घ्यायचं, कपाळाला लावायचं, पुढे. तळलेलं सकाळी नको. उघड्या बर्फाचं तर काहीच नको.

पाणी. ह्यावर नीट लिहितो कारण दोन्ही बाजूंनी चुका होतात. एक जण पितच नाही आणि दुसरा पाच लिटर नुसतं पाणी ढोसतो. घामातून पाणी जातं तसं मीठ पण जातं, बनियनवर पांढरे नकाशे उमटतात ना तेच ते. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं जड पडतं, मळमळतं, माणूस बावचळल्यासारखा करतो आणि लोक त्याला अजून पाणी पाजतात. म्हणून दर दोन पाणी-बाटल्यांमागे एक ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, पूर्ण एक लिटर, अर्ध्या बाटलीत ओतायचं नाही आणि कोल्ड्रिंकमध्ये तर नाहीच. दुकानात रंगीत खोक्यात गोड सरबतं मिळतात ती वेगळी, ती चवीला. घरी करायचं तर एक लिटर पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. घोट घोट प्यायचं. पुरेसं पितोय का हे लघवीच्या रंगावरून कळतं, वाळलेल्या गवतासारखी फिकट पिवळी ठीक, चहासारखी झाली की चालणं थांबवायचं.

बायकांसाठी हे वेगळं लिहावंच लागतं, माझी बायको सहा वेळा आली आणि तिनेच मला हे लक्षात आणून दिलं. रस्त्याला जायची सोय नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. मंडळातल्या पुरुषांना हे दिसतच नाही. मग दुपारी चक्कर, नाहीतर घरी जाऊन लघवीची जळजळ आणि ताप. तुमच्यासोबत वहिनी किंवा बहीण येणार असेल तर पेट्रोल पंप आणि शाळा आधीच हेरून ठेवा आणि थांबे त्याप्रमाणे पाडा, पुरुष काय कुठेही थांबतात. आम्ही आता टेम्पोत चार बांबू आणि एक जाड पडदा ठेवतो, खर्च म्हणाल तर हजार रुपये पण नाही आला, आणि त्यानंतर आमच्याकडे बायकांना चक्कर येणं निम्म्यावर आलंय असं माझी बायको म्हणते.

साडेनऊ, फार तर दहा. जिथे असाल तिथे थांबायचं. पुढे दोनच किलोमीटरवर झोडगं आहे म्हणून चालत राहायचं नाही, हे दोन किलोमीटर सगळ्यात महाग पडतात. शाळेचा व्हरांडा, मंडप, मंगल कार्यालय, नाहीतर मोठं लिंबाचं झाड. पहिल्या दिवशी माणसाची हौस फिटलेली नसते, तो दुपारी पत्ते कुटतो, मोबाईलवर रील बनवतो, कुणी विहिरीवर पोहायला जातं. झोपायचं. ऊन वर असताना झोपलेला प्रत्येक तास रात्री पायात उतरतो. भिंतीला पाय वर लावून वीस मिनिटं पडा, मग जेवा, मग झोपा. जेवणात वरण-भात, भाकरी, कांदा, ताक. संध्याकाळी चालायचंय तर दुपारी दाल-बट्टी हाणू नका. मला माहितीये वास आला की राहवत नाही, तुपात बुडवलेली बट्टी आणि सोबत वांग्याची भाजी, पण ती रात्रीच्या मुक्कामाला. कांद्याचं म्हणाल तर लोक खिशात नाहीतर टोपीत कांदा ठेवतात, ठेवा, त्रास काही नाही, पण खिशातल्या कांद्याच्या भरवशावर बाराला उन्हात निघू नका. तो खाल्ला तर उपयोगाचा.

आता ऊन लागणं. थकवा आणि ऊन लागणं यातला फरक प्रत्येकाला यायला पाहिजे. घाम येतोय, डोकं दुखतंय, पोटऱ्यांत गोळे येतायत, मळमळतंय पण माणूस नीट बोलतोय, तर सावलीत झोपवा, पाय वर, कपडे सैल, ओआरएस. तासाभरात माणूस वर येतो, पण त्या दिवशी त्याचं चालणं संपलं. पण माणूस बरळायला लागला, चिडायला लागला, कुठे आहोत ते सांगता येईना, अंग चटका बसेल असं तापलं, तर एक मिनिट पण वाट बघायची नाही. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत सगळ्या अंगावर पाणी ओतायचं, पंचे भिजवून काखेत, मानेला, जांघेत, आणि वारा घालत राहायचं. बेशुद्धीत तोंडात पाणी नाही. आमच्या गटात एक बावीस वर्षांचा पोरगा होता, दुपारी एक वाजता ''मी आलोच पुढे होऊन'' म्हणून एकटाच निघाला, पैज लागली होती म्हणे. अर्ध्या तासाने टेम्पोवाल्याला तो रस्त्याच्या मधोमध उलट दिशेने, धुळ्याकडे चालताना दिसला आणि कुठे चालला विचारलं तर म्हणाला गडावर. वाचला. दूध नेणाऱ्या गाडीतले सगळे बर्फाचे पाणी आम्ही त्याच्यावर रिकामे केले. त्या दिवसापासून दहा ते साडेचार आमच्या गटाचा झेंडा मी कुलपात ठेवतो, अतिशयोक्ती नाही, खरंच शाळेच्या खोलीत ठेवून कुलूप लावतो. झेंडा नाही तर कुणी निघत नाही.

अजून एक गोष्ट, औषधवाला म्हणून. पाय दुखतात म्हणून लोक सकाळी-दुपारी डायक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेनच्या गोळ्या खातात, एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या. अंगात पाणी कमी असताना ह्या गोळ्या किडनीला मारतात. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल, ती पण मुक्कामाला, खाऊन. बीपीच्या काही गोळ्या लघवी जास्त करवतात, शुगरच्या गोळ्यांनी चालताना साखर एकदम खाली येऊ शकते, तर ह्यातलं काही चालू असेल तर निघायच्या पंधरा दिवस आधी तुमच्या डॉक्टरांना ''मी उन्हात रोज पंचवीस-तीस किलोमीटर चालणार आहे'' ह्या शब्दांत सांगा. नुसतं ''यात्रेला जातोय'' म्हटलं की ते पण जा म्हणतात.

पाचला परत निघायचं. अंग आखडलेलं असतं, पहिली वीस मिनिटं सगळे बदकासारखे चालतात, हसू येतं बघून. मग मोकळं होतं. ही संध्याकाळ सात-आठ किलोमीटरचीच ठेवा, सावल्या लांब होतात, उजव्या-डाव्या बाजूच्या टेकड्या निळ्या पडतात. इथे कुठेतरी धुळे जिल्हा संपून नाशिक लागतो, पाटी असते, पण बोली काही बदलत नाही, पार देवळा-कळवणपर्यंत अहिराणीच ऐकू येते. एक लक्षात ठेवा, रस्त्याची कड बाहेरच्या बाजूला उतरती असते. एकाच कडेने दिवसभर चाललं की एक पाय सतत खाली पडतो आणि दुसऱ्या दिवशी एकाच बाजूचा खुबा किंवा गुडघा धरतो. जिथे सर्व्हिस रोड सपाट आहे तिथे मधून चाला, नाहीतर कडेची माती बघा. डांबरापेक्षा माती केव्हाही बरी.

झोडग्याला पोचलात आणि उजेड असला तर माणकेश्वराचं देऊळ बघा. जुनं दगडी हेमाडपंती देऊळ आहे, महामार्गाने रोज जाणाऱ्यांना पण माहीत नसतं. थोडं फिरून झालं की पायांचं कीर्तन सुरू.

मुक्कामाला पोचल्यावर आधी जेवण नाही, आधी पाय. धुवायचे, पुसायचे, आणि बॅटरीत नीट बघायचे. जिथे लाल आणि गरम आहे पण फोड नाही, तिथे पट्टी. छोटा फोड, दुखत नाही, तर हात लावायचा नाही. मोठा, टम्म, पाऊल टेकवत नाही असा असेल तर नवी इंजेक्शनची सुई घ्यायची, जागा बीटाडीनने पुसायची, फोडाच्या कडेला खालच्या बाजूने दोन भोकं, हलक्या हाताने पाणी काढायचं आणि वरची कातडी तशीच ठेवायची. ती कातडी म्हणजे आपली फुकटची ड्रेसिंग आहे. आपल्याकडे सुई-दोरा ओवून दोरा आतच ठेवायची पद्धत आहे, वर्षानुवर्षं लोक करतात, मी पण पहिली पाच वर्षं केली. सोडा ती. दोऱ्यावरून घाण आत जाते. शुगर असलेल्या माणसाने तर फोडाला स्वतः हातच लावायचा नाही, रस्त्यात मेडिकल कॅम्प असतात तिथे दाखवायचं. नखं निघायच्या चार-पाच दिवस आधी सरळ कापा, आदल्या दिवशी नको.

पिशवीत काय हे आता वेगळं सांगायला नको, निम्मं वर आलंच आहे. पाठीवर चार किलोच्या वर काही घेऊ नका, बाकी टेम्पोत. सॉक्सचे चार जोड, पातळ सुती पंचे दोन, एक डोक्याला एक मानेला, टोपीपेक्षा ओला पंचा बरा. मोबाईल चार्जर सगळे आणतात, सेफ्टी पिन कुणी आणत नाही. सुटे पैसे ठेवा.

तयारीला किमान दीड महिना द्या. पुण्यात सकाळी पाच-सहा किलोमीटरने सुरुवात, मग शनिवारी पंधरा आणि लगेच रविवारी परत पंधरा, ह्या दुसऱ्या दिवसाच्या पंधरालाच खरी किंमत आहे, एकदाच तीस चालून दाखवण्याला नाही. आणि अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात. पुण्याच्या गारव्यातून रात्रीच्या लक्झरीने उतरून पहाटे चालायला लागाल तर अवघड जाईल. जमलं तर आठवडाभर आधी गावी या, रोज संध्याकाळी शेतात चकरा मारा.

पुढचे दिवस थोडक्यात. दुसऱ्या दिवशी मालेगाव ओलांडून सौंदाणे, तिसऱ्याला देवळा, चौथ्याला कळवण, पाचव्याला नांदुरी आणि वर. दुसरा दिवस मनाला सगळ्यात जड जातो, मालेगावच्या गर्दीत आणि धुळीत. देवळ्याकडे वळलं की महामार्ग सुटतो आणि जीव भांड्यात पडतो. कांद्याचे ट्रॅक्टर मात्र सांभाळा, त्यांना मागचा लाइट नसतो. चतुर्दशीच्या रात्री शिखरावर दरेगावचे गवळी पाटील ध्वज लावतात, तो बघायची सगळ्यांना ओढ असते, त्यासाठीच लोक चार दिवसांत रेटतात. एक दिवस आधी निघालात तर तो पण मिळेल आणि पाय पण राहतील. वर आता २०१८ पासून ट्रॉली आहे, पायऱ्या नकोशा झाल्या तर लाज वाटून घेऊ नका.

आणि आता नवसाचं. मी काही पुजारी नाही. पण तिसऱ्या वर्षी माझा डावा गुडघा सौंदाण्याच्या पुढे इतका धरला की अकरा किलोमीटर मी टेम्पोत बसून गेलो. नवस आईचाच होता, माझ्या नोकरीचा. घरी आल्यावर सांगितलं नाही. दोन वर्षं मनात खुपत होतं, शेवटी एकदा भाकरी थापताना तिच्या बाजूला बसून सांगून टाकलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, ''माले तवयच समजनं व्हतं.'' म्हटलं कसं काय? तर टेम्पोवाल्याची आई आमच्याच गल्लीत राहते.